हवा तहानलेली आहे तोवर

एक लिटर पाणी नुसतं वाळू दिलं, तर जाताना ते आसपासची किती उष्णता घेऊन जातं? साधारण २,४०० किलोज्यूल. विजेच्या मीटरवर सांगायचं तर जवळपास दोन तृतीयांश युनिट. आता दुकानदार ज्याला ‘एक टनाचा एसी’ म्हणतो, तो तासाभरात खोलीतून जेवढी उष्णता उपसतो, तेवढीच उष्णता न्यायला पाणी किती वाळावं लागेल? पाच लिटरच्या जरा वर. अर्धी बादली! हा हिशोब कळल्यापासून एप्रिल लागला की गंगाखेडच्या बाजारात दुकानांपुढे मांडून ठेवलेल्या पत्र्याच्या कूलरांकडे मी आदरानं बघू लागलो आहे.

एसीचा टन हा यंत्राच्या वजनाचा नसतो, बर्फाचा असतो. २४ तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. गारवा लाद्यांनी विकत घेतला जायचा, त्या काळातलं हे माप आहे. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्यानं तिकडच्या तळ्यांवर गोठलेला बर्फ जहाजात भरून थेट कलकत्त्याला पाठवला होता आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला निम्म्याहून जास्त शाबूत पोचला. पुढे असा बर्फ मुंबईतही उतरू लागला. साहेबलोक आणि शेटजी तो कौतुकानं पेल्यात घालत. गंमत अशी, की किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट उष्णता किलोभर पाणी वाळताना घेतं. म्हणजे सात समुद्रांपलीकडून आलेल्या लादीपेक्षा घरातल्या रांजणातलं पाणी जास्त कामाचं होतं. अट एकच, ते वाळवून नेणारी हवा हवी.

ती हवा गंगाखेडला भरपूर मिळते. गोदाकाठचं, जनाबाईचं हे गाव परभणी जिल्ह्यात येतं, आणि परभणीचा उन्हाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जाणं ही बातमी नसते. पण त्या पाऱ्याइतकीच महत्त्वाची गोष्ट आपण कधी विचारत नाही, ती म्हणजे हवा किती कोरडी आहे. अंगणात टाकलेलं धोतर अर्ध्या तासात कडक होतं, ओठ फुटतात, पापड सकाळी घातले की संध्याकाळी डब्यात जातात. ही हवा पाण्याला अक्षरशः हपापलेली असते आणि तिच्या या तहानेतच सगळी गंमत आहे.

एक प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. भिंतीवर टांगायचे दोन साधे थर्मामीटर घ्या (तापाचे नव्हेत). एकाच्या फुग्यावर ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोन्ही सावलीत पंख्याच्या वाऱ्यात धरा. हवामान वेधशाळेतल्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत हीच जोडी शेजारी शेजारी टांगलेली असते. दुपारी हवा ४२ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर कोरडा थर्मामीटर ४२ दाखवील आणि ओला हळूहळू उतरत २२ च्या जवळ येऊन थांबेल. बावीस! गंगाखेडात, भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, वीज न जाळता, नुसत्या ओल्या चिंधीला. इथल्या हवेत वीस अंशांची उतरंड लपलेली आहे आणि पाणी शिंपडल्याशिवाय ती कुणाला दिसत नाही.

माठ याच उतरंडीवर चालतो. त्याच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी बाहेर वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून माठ झाकून ठेवू नये, वाऱ्यावर ठेवावा, हे आजीला पदार्थविज्ञान न शिकता माहीत होतं. आपला देहही तसाच चालतो. पंख्याबद्दल मात्र एक गैरसमज घरोघरी आहे. पंखा हवा गार करत नाही. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवला तर त्याच्या मोटारीनं खोली उलट किंचित तापते. पंखा फक्त कातडीवरचा घाम लवकर वाळवतो. हवा कातडीइतकी, म्हणजे ३५ अंशांच्या आतबाहेर असेपर्यंत हे छान जमतं. त्याच्या वर गेलं की वारा घाम वाळवतो आणि स्वतःची धगही अंगाला देतो. ४० च्या पुढे पंख्यानं शरीर तापू लागतं, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा अंगावर ओला पंचा घेऊन पंख्याखाली पडणं हा गरिबाचा उपाय शास्त्राच्या कसोटीवर चोख उतरतो.

आता तो पत्र्याचा कूलर उघडून बघू. आत आहे तरी काय? खाली टाकी, तीन बाजूंना जाळीत दाबून बसवलेलं लाकडाच्या किसाचं ‘गवत’, पुढच्या तोंडाला एक दांडगा पंखा आणि टाकीत बुडवलेली मुठीएवढी मोटार. मोटार पाणी वर चढवते, वरच्या नळीच्या छिद्रांतून ते गवतावर उतरतं, पंखा बाहेरची झळ त्या ओल्या गवतातून ओढतो. झालं यंत्र. जुन्या वाड्यांत आणि साहेबांच्या बंगल्यांत दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायला माणूस बसवत, त्या माणसाची जागा मोटारीनं घेतली एवढंच. चांगला भिजलेला पॅड वीस अंशांच्या उतरंडीतले पंधरा-सोळा अंश आपल्याला मिळवून देतो, म्हणजे ४२ अंशांची झळ आत येताना २६-२७ ची झुळूक होऊन येते. आणि बाहेरची हवा जितकी जास्त रखरखीत, तितका कूलर जास्त जोरात. ज्या लूला आपण शिव्या देतो, तीच त्याचं इंधन आहे.

पण चांगला भिजलेला हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. पाणी वाळून जातं, क्षार मागे राहतात, रोज नवीन पाण्याबरोबर नवे क्षार येतात आणि टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. नळीची छिद्रं बुजतात. मग गवताचा वीतभर पट्टा कोरडाच राहतो आणि पंखा शहाणा असल्यासारखा नेमका तिथूनच जास्त हवा ओढतो, कारण ओल्या गवतापेक्षा कोरड्यातून वाट सोपी. निम्मी झुळूक आणि निम्मी झळ अशी सरमिसळ खोलीत येते आणि आपण म्हणतो, यंदा कूलर गार मारत नाही. कूलरवाल्याला बोलावण्याआधी मागची ताटी उघडून हात फिरवावा. कोरडा पट्टा हाताला लगेच कळतो. दाभणानं छिद्रं मोकळी करायची, टाकी अधूनमधून पूर्ण रिकामी करायची, हंगामाच्या सुरुवातीला गवत नवं घालायचं. हनीकॉम्ब पॅड महाग, पण तो जास्त वर्षं टिकतो आणि हवा सारखी ओली करतो. क्षार मात्र त्यालाही सोडत नाहीत.

दुसरी चूक घरोघरी दिसते. कूलर लावला की ‘गारवा बाहेर जाईल’ म्हणून खिडक्या-दारं गच्च बंद. कूलरची हवा ओली असते. ती कोंडली की दहा-पंधरा मिनिटांत खोलीतच इतकी ओल साठते की घाम वाळेनासा होतो आणि अंग चिकचिक करतं. कूलर खिडकीबाहेर हवा, त्यानं बाहेरचीच हवा प्यायला हवी आणि जेवढी हवा आत येते तेवढी समोरच्या दारा-खिडकीतून बाहेर जायला हवी. तो खोली गार करून ठेवत नाही, गार हवा खोलीतून वाहती ठेवतो. खोलीच्या मधोमध कूलर ठेवून दार लावणाऱ्यानं दमटपणा विकत घेतला आहे.

हे सगळं चालतं मृगापर्यंत. रोहिण्यांत वळीव येऊ लागतो, ७-८ जूनला मृग निघतो, ढग दाटतात, आणि तोच कूलर, तेच गवत, तेच पाणी असूनही वारा गिळगिळीत लागू लागतो. यंत्र बिघडलेलं नसतं, हवेची तहान भागलेली असते. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के झाली की ओला थर्मामीटर साडेअठ्ठावीसच्या खाली उतरतच नाही. वीस अंशांची उतरंड साडेपाचांवर येते. त्यातले चार-साडेचार अंश कूलर आणून देईलही, पण सोबत ओल आणील, म्हणजे घामाची वाट आणखी अडवील. थर्मामीटर कूलरच्या बाजूनं बोलतो आणि अंग विरुद्ध. मेच्या ४२ पेक्षा जूनचे ३४ जास्त असह्य वाटतात, ते काही मनाचे खेळ नव्हेत.

इथून पुढे एसीचं राज्य. आणि एसीचा जन्म माणसाला गार करण्यासाठी झालाच नव्हता. १९०२ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आकसायचा, एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्यानं हवेतली ओल काढून टाकणारं यंत्र बसवलं. गारवा त्याच्यासोबत आला. म्हणजे एक यंत्र हवेत पाणी घालून गार करतं आणि दुसरं हवेतलं पाणी काढायला जन्मलेलं. निवड करताना हा फरक पहिल्यांदा ध्यानात घ्यायला हवा, पण दुकानात बोलणं सुरू होतं ते ताऱ्यांवरून आणि हप्त्यांवरून.

आणि तरीही दोघांचं मूळ एकच आहे! एसीच्या आतल्या जाळीत एक द्रव असतो, हल्ली बहुधा आर-३२. तो साध्या दाबाला उणे ५२ अंशांवरच उकळतो, म्हणून आतल्या जाळीत खोलीची उष्णता मिळताच त्याची वाफ होते. ही वाफ खोलीची उष्णता घेऊन निघते. माठाच्या पाण्याची वाफ वारा घेऊन जातो आणि ती गेली ती गेली. एसी मात्र आपली वाफ सोडत नाही. बाहेरच्या डब्यातला कॉम्प्रेसर तिला दाबतो, दाबल्यानं ती बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते, मग तिची उष्णता बाहेर फेकून तिचा पुन्हा द्रव करून आत आणतो. एसी हा वाफ परत पकडणारा माठ आहे. आणि वीज जाते ती नेमकी या पकडण्यात. हे काम तो मोठ्या खुबीनं करतो. एक युनिट विजेत तीन युनिटांएवढी उष्णता बाहेर काढतो. पण बाहेर ४३ अंश असताना त्या ४३ अंशांच्या हवेत उष्णता ढकलायची म्हणजे त्याचाही दम निघतो. कूलरला सर्वांत जोर येतो त्याच दुपारी एसी धापा टाकत असतो.

बाहेर लोंबणाऱ्या त्याच्या पाण्याच्या नळीकडे कधी लक्ष गेलंय? मे महिन्यात तिच्यातून जेमतेम थेंब पडतात. जून-जुलैत तिच्याखाली ठेवलेली बादली भरते. हवेतली ओल काढण्याचं त्याचं खरं काम तेव्हा सुरू होतं. कोरड्या मेमध्ये आपण त्याला फुकटात होणाऱ्या कामाचे पैसे देत असतो.

पैशांचा हिशोब थोडक्यात. मोठा कूलर दीड-दोनशे वॉटचा, दहा तासांना दोन युनिटांच्या आत. दीड टनाचा एसी इतक्या उन्हात दहा तास चालला तर दहा-बारा युनिटं सहज. महिन्याची ५०-६० युनिटं विरुद्ध तीनशेच्या वर. महावितरणचं बिल १०० आणि ३०० युनिटांच्या पायऱ्यांवर चढतं, त्यामुळे खरा फरक सहापटीहून जास्त भरतो. शिवाय लाईट गेली की कूलर आणि पंखा घरच्या इन्व्हर्टरवर चालतात, एसी गप्प. जुना छताचा पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा त्याच्या निम्म्याहून कमी. वर्षातले आठ-नऊ महिने फिरणाऱ्या पंख्याला हा बदल आधी करावा, असं माझं मत.

पण पाणी? हा आक्षेप रास्त आहे. मोठा कूलर भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर पितो, आणि आपला हा मुलूख पाण्यासाठी टँकरची वाट बघणारा. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी कूलरला पाणी घालणं जिवावर येतं. मात्र एसी पाणी पीत नाही असं समजू नका. तो दुसरीकडे पितो. कोळशावरच्या वीजकेंद्रालाही वाफ आणि गारवा लागतो. २०१५ च्या सरकारी निकषानुसार जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मुभा आहे. म्हणजे कोळशाच्या विजेवर दीड टनाचा एसी तासभर चालला, तर दूर कुठेतरी तीन-चार लिटर पाणी उडालं. आणि ते नेहमी दूरच असतं असंही नाही. गंगाखेडहून रेल्वेनं पुढे गेलं की परळी. तिथलं औष्णिक केंद्र पाणी नाही म्हणून २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं. पाण्याविना कूलर थांबतो, तसं पाण्याविना वीजकेंद्रही थांबलं. तरी दुष्काळी वर्षात घरच्या टाकीचा विचार करता एसीचं पारडं जड होतं, हे मान्य करायला हवं.

आतापर्यंतचं सगळं बोलणं खोलीच्या हवेबद्दल झालं. पण आपल्या घरात खरा वैरी डोक्यावर असतो. पत्र्याचं छत दुपारी हाताला चटका देण्याइतकं तापतं आणि ती धग विस्तवासमोर बसल्यासारखी थेट अंगावर येते. मधली हवा गार केली तरी ती थांबत नाही. स्लॅबचं घर दिवसा बरं, पण दुपारी प्यालेलं ऊन स्लॅब तीन-चार तास आतच ठेवतो आणि आपण जेवून आडवे झालो की खाली सोडू लागतो. रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून छताला तळवा लावून बघा.

मराठवाड्याच्या माळवदाला हे कोडं सुटलं होतं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचं ऊन तो थर ओलांडून खाली पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असायची, आणि तोवर घरची माणसं माळवदावर, उघड्या आकाशाखाली झोपलेली. निरभ्र, कोरडं आकाश स्वतः इतकं थंड असतं की जमिनीची उष्णता रात्री सरळ वर निघून जाते. अलाहाबादकडे याच तत्त्वावर हिवाळ्यात मातीच्या उथळ ताटल्यांत बर्फ धरायचे, याचं वर्णन १७७५ साली रॉबर्ट बार्कर या इंग्रजानं लिहून ठेवलं आहे. गारव्यासाठी आपल्याकडे माळवदापेक्षा चांगलं छत झालं नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच जड माती आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळल्या. त्यानंतर मराठवाड्यात ज्यानं नवं घर बांधलं, त्यानं डोक्यावर हलकं किंवा पक्कं छत मागितलं आणि त्याला कोणी चूक म्हणू शकत नाही. आपण सुरक्षित छत घेतलं आणि ऊन घरात आलं. आजचा कूलर-एसीचा प्रश्न बराचसा तिथून सुरू होतो.

त्यावर सोपा इलाज आहे, चुना. स्लॅबवर मार्चमध्ये पांढऱ्या चुन्याचे किंवा छतासाठीच्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले की बरंचसं ऊन आल्यापावली परत जातं. पत्र्यालाही पांढरा रंग आणि खाली फॉल्स सीलिंग, ते नसेल तर चटई किंवा तट्ट्या. याचा खर्च एसीच्या बसवणावळीत निघतो.

तेव्हा गंगाखेडच्या माणसानं काय घ्यावं? माझा निवाडा सांगतो. पहिला पैसा छतावर घाला, दुसरा चांगल्या पंख्यावर. पत्र्याचं घर असेल तर एसीच्या नादी लागू नका. फटीफटीतून हवा जाणाऱ्या तापल्या खोलीत तो दिवसभर पळेल आणि बिलाशिवाय काही देणार नाही. तिथं मृगापर्यंत कूलर आणि पुढे पंखा. स्लॅबचं घर असेल, पाण्याची सोय असेल, तरीही मुख्य गडी कूलरच. एसी घ्यायचाच तर एकाच लहान, फटी बुजवलेल्या खोलीत घ्या, जिथे घरातलं म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा हृदयाचा रुग्ण झोपतो, आणि तो मुख्यत्वे जूनच्या उकाड्यासाठी आणि रात्रीसाठी आहे असं समजा. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर लावलेले येतात. तो आकडा १८ वर ओढू नका. एकेक अंश वर ठेवण्यानं सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २६-२७ आणि वर संथ पंखा, एवढ्यात झोप लागते. आणि एकाच खोलीत कूलर व एसी दोन्ही कधी लावू नका. एक ओल ओतणार, दुसरा ती उपसणार आणि मीटर दोघांचं.

कूलर घेणाऱ्यांना शेवटी एक कळकळीची विनंती. लोखंडी कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात, त्यांत लहान मुलं असतात. बसवताना वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, तीन पिनांचाच प्लग वापरा आणि पाणी भरण्याआधी तो काढून ठेवा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, म्हणजे क्षारही जातील आणि डेंग्यूच्या डासांची अंडीही.